चिकनच्या तंगड्या: आधी मीठ, मग मसाला आणि झाकणावर पाणी

घरी केलेल्या तंगड्यांबद्दलची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. वरचा मसाला झणझणीत, पण हाडाजवळचं मांस फिकं आणि वातड. मग पुढच्या वेळी मसाला वाढवला जातो, लिंबू जास्त पिळलं जातं, रात्रभर आंबट दह्यात बुडवून ठेवलं जातं. यातल्या कशानेही आतलं मांस चवीला येत नाही. हळद, मिरची, गरम मसाला यांचा रंग आणि वास बहुतेक तेलात उतरतो, पाण्यात नाही. मांसात भरलेलं असतं पाणी, त्यामुळे मसाला कितीही वेळ लावून ठेवला तरी वरच्या काही मिलिमीटरच्या पुढे सरकत नाही. आतपर्यंत पोचतं ते मीठ, आणि त्याला वेळ लागतो. म्हणून तंगडीची चव मसाल्याच्या डब्यापेक्षा जास्त दोन गोष्टींवर ठरते: मीठ किती आधी लावलं, आणि मांस आत किती अंशांपर्यंत गेलं.

दुसरी गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण तिथेच घोळ होतो. कोंबडीची छाती आणि तंगडी या शिजण्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू आहेत. छातीचं मांस ७० अंशांच्या पुढे गेलं की कोरडं पडायला लागतं. तंगडी दिवसभर चालण्याचं काम करणारा स्नायू. तिच्यात शिरा, पडदे आणि स्नायूंना बांधून ठेवणारं कोलॅजन भरपूर. ७४ अंशांना तंगडी खायला सुरक्षित होते, पण तेव्हा हे कोलॅजन पुरतं विरघळलेलं नसतं. मांस हाडाला धरून बसतं, दाताखाली रबरासारखं लागतं. ८० ते ८५ अंशांवर थोडा वेळ राहिली की तेच कोलॅजन मऊ, चिकट रसात बदलतं आणि मांस हाडावरून सहज सुटतं. तेव्हा वातड तंगडी ही जास्त शिजलेली नसते, कमी शिजलेली असते. 'कोरडी होईल' या भीतीने गॅस लवकर बंद करणं हेच तिच्या वातडपणाचं सगळ्यात मोठं कारण.

दुकानात काय सांगायचं

पुण्यात डोळ्यांसमोर ताजं कापून देणारी चिकनची दुकानं अजून बहुतेक सगळ्या पेठांत आणि उपनगरांत आहेत. कॅम्पातल्या शिवाजी मार्केटात मटण, मासळी, चिकन एकाच फेरीत घेता येतं. नुसतं 'लेग पीस द्या' म्हटलं तर बऱ्याच ठिकाणी मांडीसकट अख्खा पाय मिळतो. फक्त खालची तंगडी हवी, तुकडे नकोत, असं आधीच सांगावं. ब्रॉयलरची साल काढलेली तंगडी साधारण ९० ते ११० ग्रॅमची असते, म्हणजे किलोत नऊ ते अकरा बसतात. सगळ्या एका मापाच्या मागा. एक ७० ग्रॅमची आणि एक १३० ग्रॅमची एकाच कढईत घातली, तर लहान गळून पडते तेव्हा मोठीच्या हाडाजवळ अजून कच्चं असतं.

आपल्याकडे दुकानदार पिसांबरोबर सालही सोलून टाकतात. सालीसकट हवी असेल तर तसं आधी सांगावं लागतं. ओटीजीत भाजण्यासाठी सालीसकट तंगडी उत्तम, कारण सालीतली चरबी वितळून मांसाला आपोआप तेल मिळत राहतं. कढईत मसाल्यात करायची असेल तर साल नको. वाफेत ती लिबलिबीत होते आणि मसाला तिच्यावर टिकत नाही.

गोठवलेल्या पाकिटातल्या तंगड्यांना पाणी जास्त सुटतं आणि हाडाजवळचं मांस शिजल्यावर काळपट दिसतं. खायला त्यात काही वाईट नाही, पण पर्याय असेल तर ताज्याच घ्या. गोठवलेल्या घेतल्या तर आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवाव्यात, ओट्यावर नाही. बाहेर त्यांचा वरचा भाग तासाभरात कोमट होतो आणि आत बर्फ तसाच राहतो.

गावरान कोंबडीची तंगडी या कृतीत घालू नका. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांचा असतो, गावरान कोंबडा कितीतरी महिन्यांचा. त्याचं कोलॅजन जून झालेलं असतं आणि त्याला तासभर किंवा कुकरच्या तीन-चार शिट्ट्या लागतात. त्याचं सोनं रश्श्यातच होतं. उलट ब्रॉयलरची तंगडी कुकरमध्ये घालणं मला अजिबात पटत नाही. कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या जवळ जातं, मांस हाडावरून निसटतं आणि त्याची चव सगळी पाण्यात उतरते.

धुणं, पुसणं, चिरा

चिकन नळाखाली धरून धुण्याची सवय घरोघरी आहे. त्याने जंतू जात नाहीत. बारीक तुषारांबरोबर ते ओट्यावर, शेजारच्या भांड्यांवर आणि कोथिंबिरीवर मात्र पोचतात. जंतू मरतात ते शिजताना. हाडांचा चुरा आणि रक्ताचे डाग काढायचे असतील तर एका मोठ्या पातेल्यात पाणी घ्या, तंगड्या हलक्या हाताने हलवा, पाणी सिंकमध्ये सावकाश ओता आणि सिंक साबणाने घासा.

मग पुसा. ही पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते. ओल्या तंगडीवर मसाला धरत नाही आणि तेलात टाकल्यावर ती परतली जात नाही, उकळते. कागदी टिश्यूने प्रत्येक तंगडी कोरडी करा, अगदी चुरचुरीत कोरडी. सुती कापड वापरलं तर ते लगेच गरम पाण्यात साबणाने धुवायचं.

आता सुरीचं काम. तंगडीचं बारीक टोक, म्हणजे घोटा, डाव्या हाताने धरा. घोट्याच्या साधारण दीड सेंटिमीटर वर सुरी हाडाला टेकेपर्यंत दाबा आणि गोल फिरवा. तिथे पांढऱ्या, दोरीसारख्या शिरा कापल्या जाताना कचकच असा आवाज येतो. या शिरा घोट्यापासून मांसात पसरलेल्या असतात. त्या न कापता शिजवलं तर शिजताना मांस आकसतं, पण खालून बांधलेलं राहतं, आणि खाताना दातांत अडकतं. कापल्यावर मांस शिजताना आपोआप वर सरकतं, हाडाचं टोक मोकळं होतं आणि धरायला मूठ मिळते. हौस असेल तर सुटलेल्या दोन-तीन जाड शिरा स्वच्छ पकडीने ओढून काढता येतात.

चिरा तीनच पुरे. जाड बाजूला दोन तिरक्या, मागच्या बाजूला एक, तिन्ही हाडापर्यंत. वरवरच्या चिरांचा काही उपयोग नाही, आणि पाच-सहा चिरा दिल्या तर शिजताना मांसाच्या फिती होऊन मसाल्यात पडतात.

मीठ

किलोभर तंगड्यांना १० ग्रॅम बारीक मीठ. मापाच्या ५ मिलिलिटरच्या चमच्याने सपाट पावणेदोन चमचे होतात. हाडाचं वजन सोडलं तर उरलेल्या मांसाच्या मानाने हे दीड टक्क्याच्या आत बसतं, आणि नंतर मसाल्यातून थोडं मीठ येणारच असतं. तयार कांदा-लसूण मसाल्यात बहुधा मीठ असतंच, तेव्हा पाकिटावरची घटकांची यादी वाचून घ्या. सैंधव किंवा जाडं मीठ असेल तर चमच्याने मोजू नका, वजनाच्या काट्यावर मोजा. जाड मिठाचा तोच चमचा वजनाला कमी भरतो.

मिठाबरोबर अर्धा चमचा हळद. बाकी काही नाही. चिरांच्या आत बोटाने मीठ पोचवा, ताटात एका थरात मांडा, वर सैलसर झाकण ठेवून फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे चुकून गळलं तरी दुधा-दह्यावर पडणार नाही.

पहिल्या अर्ध्या तासात ताटात पाणी सुटलेलं दिसेल. मीठ मांसातलं पाणी बाहेर ओढतं. ते फेकून देऊ नका. पुढच्या काही तासांत तेच खारट पाणी मांस परत शोषून घेतं, आणि त्याबरोबर मीठ आत शिरतं. मीठ आतल्या प्रथिनांची वीण सैल करतं, त्यामुळे शिजताना मांस आपलं पाणी धरून ठेवतं. चार तास चांगले, आठ ते बारा तास उत्तम. चोवीस तासांच्या पुढे मांसाचा पोत बदलतो, हॅमसारखा घट्ट होतो.

रविवारी दुपारी जेवायचं असेल तर शनिवारी संध्याकाळी मीठ लावलेलं चांगलं. ज्या घरात शनिवार पाळतात तिथे रविवारी सकाळी आठपर्यंत चिकन आणून मीठ लावलं की दुपारी दीडच्या जेवणासाठी बाराला कढई ठेवेपर्यंत चार तास मिळतात. आखाडातल्या शेवटच्या रविवारी मात्र दुकानापुढची रांगच तासभर खाते, तेव्हा त्याहून लवकर निघावं. आणि वेळच नसेल, तर पाऊण तासाचं मीठसुद्धा काहीच नसण्यापेक्षा बरं. चिरा खोल असल्या की तेवढ्यातही फरक कळतो.

या टप्प्याला लिंबू, व्हिनेगर, कच्ची पपई लावायची नाही. आंबटाने वरचं मांस पांढरं पडून पिठूळ होतं, आतलं तसंच राहतं. पपईतलं पपेन तर इतकं जोरकस आहे की किलोला एक चमचा वाटलेली पपई तासाभराच्या वर राहिली, तर वरचा थर लगदा होतो. जून मटणाला तिचा उपयोग आहे. पाच आठवड्यांच्या ब्रॉयलरला तिची गरजच नाही.

कढईतल्या सुक्या तंगड्या

एक किलो तंगड्यांना लागणारं सामान असं: ३ मध्यम कांदे, साधारण ३०० ग्रॅम, पातळ उभे चिरून. सुकं खोबरं किसून ३५ ते ४० ग्रॅम. लसणाच्या १५ पाकळ्या आणि दीड इंच आलं एकत्र वाटून. तीळ आणि खसखस एकेक लहान चमचा. कांदा-लसूण मसाला २ मोठे चमचे, बेडगी मिरचीची पूड २ लहान चमचे, धणेपूड २ लहान चमचे, गरम मसाला अर्धा लहान चमचा. शेंगदाण्याचं तेल ५ मोठे चमचे. मूठभर कोथिंबीर आणि एक लिंबू. इथे मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटरचा, लहान म्हणजे ५ मिलिलिटरचा.

बेडगी रंगासाठी आहे, तिखटपणासाठी नाही. तिखट हवं असेल तर संकेश्वरी किंवा लवंगीची पूड अर्धा चमचा वाढवा, बेडगी कमी करू नका.

खोबरं कोरडं, मंद आचेवर भाजा आणि फिकट सोनेरी झालं की ताबडतोब कढईतून काढा. तापलेल्या कढईत राहिलं तर गॅस बंद केल्यावरही ते करपत जातं, आणि करपलेल्या खोबऱ्याचा कडवटपणा मग कशानेच झाकत नाही. तीळ-खसखसही तशीच भाजून घ्या. कांदा एक मोठा चमचा तेलावर मध्यम आचेवर १२ ते १५ मिनिटं परता, कडा तांबूस व्हायला हव्यात. गुलाबी कांद्याचं वाटण गोडसर आणि पातळ होतं. तांबूस कांद्याचं खमंग आणि घट्ट. सगळं गार झाल्यावर मिक्सरच्या लहान भांड्यात दोन-तीन चमचे पाण्यावरच वाटा. गरम वाटलं तर झाकण उडतं, आणि जास्त पाणी घातलं तर परतायला दुप्पट वेळ लागतो.

कढई रुंद हवी, २८ सेंटिमीटरच्या आसपास आणि जाड बुडाची. बिडाची असेल तर सोन्याहून पिवळं. तुळशीबाग आणि बोहरी आळीच्या परिसरात भांड्यांच्या दुकानांत अशी कढई शोधता येते. तीन मोठे चमचे तेल चांगलं तापू द्या, ताटातल्या तंगड्या पुन्हा एकदा वरवर पुसा आणि एका वेळी चार-पाचच घाला. सगळ्या एकदम घातल्या की कढई थंड पडते, पाणी सुटतं आणि तांबूस रंग येतच नाही. प्रत्येक बाजू दोन मिनिटं, तीन बाजू. पहिल्या मिनिटाला हलवू नका. मांस भांड्याला चिकटलेलं असतं, पापुद्रा धरला की आपणच सुटतं. आलं-लसूण आधी लावून मग परतायला गेलं तर लसूण जळतो आणि मांस पांढरंच राहतं, म्हणून इथवर तंगडीवर फक्त मीठ-हळद. परतलेल्या तंगड्या ताटात काढून घ्या.

त्याच कढईत उरलेलं चमचाभर तेल घाला, आच मंद करा. आलं-लसणाचं वाटण मिनिटभर परता. तळाला चिकटलेला तपकिरी थर उलथण्याने खरवडून त्यात मिसळा, कारण चिकनची खरी चव तिथे साचलेली असते. मग कांदा-खोबऱ्याचं वाटण. हे आठ ते दहा मिनिटं सावकाश परतायचं. आधी वाफ येते, मग वाटण गडद होतं, शेवटी कडेने तेल दिसायला लागतं आणि उलथण्याने ढकललं की वाटण एकत्र गोळा होऊन सरकतं. तिथवर पोचल्याशिवाय पुढे जाऊ नका. कच्चट वास येतो तो इथली पाच मिनिटं वाचवल्यामुळे.

आता गॅस अगदी बारीक करून कांदा-लसूण मसाला, बेडगी आणि धणेपूड घाला, लगेच दोन चमचे गरम पाणी शिंपडा. तिखटाची पूड गरम तेलात काही सेकंदांत करपते. पाण्याने तेलाचं तापमान उतरतं आणि रंग लाल राहतो. दोन मिनिटांनी तंगड्या आणि ताटात सुटलेला रस कढईत घाला. मसाला चिरांमध्ये दाबून बसवा. पाव वाटी गरम पाणी घाला, त्याहून जास्त नको.

झाकणावरचं पाणी

आता खोलगट ताट किंवा परात घ्या, कढईवर बसणारी, काठ कढईच्या बाहेर येईल अशी. तिच्यात दीड वाटी पाणी ओता. पूर्वीपासून चालत आलेली ही पद्धत काचेच्या झाकणांच्या काळात मागे पडली, आणि या पदार्थासाठी ते नुकसानच आहे.

कोरडं झाकण काही मिनिटांत तापतं, वाफ त्याच्या कडेने निघून जाते आणि मसाला बुडाला लागतो. मग आपण पाणी घालत राहतो आणि सुक्याचा रस्सा होतो. ताटात पाणी असलं की ताट आतल्या वाफेपेक्षा गारच राहतं. खालून येणारी वाफ त्याच्या बुडाला लागते, थेंब होतात, आणि थेंब परत तंगड्यांवर पडतात. जे पाणी अंगचं सुटलं तेच फिरत राहतं. ताट उचलून तिरकं धरलं तर त्याच्या बुडावर थेंबांची दाटी दिसते. ती कढईतच झटकायची, ओट्यावर नाही. कांदा-लसणाचा वासही त्या थेंबांबरोबर परत खाली येतो, त्यामुळे स्वयंपाकघरात वास कमी आणि कढईत जास्त.

लहान शेगडी, मंद आच, २५ ते ३० मिनिटं. दहाव्या आणि विसाव्या मिनिटाला चिमट्याने तंगड्या उलटा. ताटातलं पाणी बऱ्यापैकी तापलेलं असतं. कढई कोरडी वाटली तर तेच चमचा-दोन चमचे आत घाला. गार पाणी कधीच नको. त्याने शिजणं थांबतं आणि मसाल्याचं तेल फाटल्यासारखं दिसतं. ताटातल्या पाण्याला जोरात वाफा यायला लागल्या तर आच जास्त आहे असं समजा.

मग ताट काढा, आच मध्यम करा आणि ६ ते ८ मिनिटं उघड्यावर परता. वाटण सुकून तंगड्यांना लपेटतं, तेल सुटतं आणि खमंग वास बदलतो. इथे शेजारी उभं राहावं लागतं, कारण खोबरं-कांद्याचं वाटण मिनिटभर दुर्लक्ष झालं तरी लागतं. गरम मसाला घाला, गॅस बंद करा, दहा मिनिटं तसंच राहू द्या. लिंबू आणि कोथिंबीर वाढताना.

शिजली की नाही

सुईचा थर्मामीटर असेल तर सुई जाड भागात, हाडाला समांतर घाला. हाडाला टेकली तर आकडा चुकतो. ८० ते ८५ हवं. ९० झालं तरी तंगडी बिघडत नाही. थर्मामीटर खरा आहे का, हे उकळत्या पाण्यात तपासता येतं, पण पुण्यात तो १०० दाखवणार नाही. शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर असल्यामुळे इथे पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं. तेवढा दाखवला तर थर्मामीटर बरोबर आहे.

थर्मामीटर नसेल तर घोट्याकडे बघा. मांस वर सरकून हाडाचं टोक दोनेक सेंटिमीटर उघडं पडलेलं असतं. हाडाचं टोक चिमट्याने धरून हलकंसं पिळलं की हाड मांसात फिरतं. फिरत नसेल तर ताट परत ठेवून आणखी पाच मिनिटं द्या.

हाडाजवळ गुलाबी किंवा तांबडं दिसलं म्हणजे कच्चंच, असं नाही. कोवळ्या कोंबडीची हाडं सच्छिद्र असतात, त्यांच्यातल्या मगजाचा लाल रंग शिजताना बाहेर झिरपतो. त्यामुळे रंगावरून ठरवू नका. तापमान गाठलेलं असेल आणि मांस हाडावरून सुटत असेल तर ते शिजलेलं आहे. मांस चकचकीत, अर्धपारदर्शक आणि हाडाला घट्ट धरून असेल तर मात्र कच्चं.

ओटीजी आणि एअर फ्रायर

भाजक्या तंगड्यांना मीठ तसंच, आधी. त्यानंतर दही नाही, चक्का. पातळ दही तंगडीवरून घसरतं आणि ट्रेमध्ये जाऊन करपतं. डेअरीत ताजा चक्का मिळतो. नाहीतर २५० ग्रॅम दही कापडात दोन-तीन तास टांगलं की साधारण १०० ग्रॅम होतो. दोन मोठे चमचे तेल कोमट करून त्यात २ लहान चमचे बेडगी आणि १ मोठा चमचा कांदा-लसूण मसाला कालवा, गार झाल्यावर चक्का, १ मोठा चमचा आलं-लसूण आणि १ मोठा चमचा कोरडं भाजलेलं बेसन मिसळा. मिरचीचा रंग तेलात उतरतो म्हणून आधी तेल. बेसन चक्क्याचं सुटणारं पाणी धरून ठेवतं. हे तासभर लावून ठेवलं की पुरे, कारण मीठ आधीच आत गेलेलं आहे.

ओटीजी २०० अंशांवर १५ मिनिटं आधी तापवा. तंगड्या जाळीवर, खाली ट्रे, ट्रेमध्ये अर्धी वाटी पाणी म्हणजे गळलेला मसाला धूर करणार नाही. एकमेकींना चिकटवून मांडू नका. ३५ ते ४० मिनिटं लागतात; विसाव्या मिनिटाला उलटून तेलाचा हात फिरवा, शेवटची पाच मिनिटं वरचा रॉड आणि २३० अंश. कडांना काळे ठिपके यायला हवेत, पण सबंध तंगडी काळी नको. घरगुती ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतलं खरं तापमान यांत बरंच अंतर असू शकतं. रंग वेळेआधी आला तर २० अंश कमी करा आणि वेळ वाढवा.

एअर फ्रायरमध्ये १८० अंश, २२ ते २५ मिनिटं, मध्ये एकदा उलटून, शेवटची तीन मिनिटं २००. चार लिटरच्या टोपलीत चार, फार तर पाच. मसाला निपटून पातळ थर ठेवा, नाहीतर पंख्याच्या हवेने वरचा चक्का सुकून कवच बनतं आणि खालचा ओलाच राहतो.

धुरी द्यायची असेल तर निखारा वाटीत ठेवून थेंबभर तूप सोडा आणि फक्त तीन मिनिटं झाका. दहा मिनिटं ठेवली की चिकनऐवजी कोळशाचीच चव लागते.

हिरव्या वाटणाच्या तंगड्या करायच्या असतील, तर मंडईतून एक मोठी ताजी जुडी कोथिंबीर, ७-८ हिरव्या मिरच्या, १२ पाकळ्या लसूण आणि इंचभर आलं वाटून त्यातलं अर्धंच वाटण शिजवताना घाला. आंबट आणि बराच वेळची उष्णता या दोन्हींनी हिरवा रंग शेवाळी होतो. उरलेलं अर्धं शेवटच्या दोन मिनिटांत घाला, लिंबू ताटात वाढताना.

उरलं तर

शिजवलेल्या तंगड्या दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हव्यात, एप्रिल-मेच्या दुपारी तासाभरात. दोन-तीन दिवस चांगल्या राहतात. गरम करताना मायक्रोवेव्हमध्ये हाडाजवळ गार आणि कडांना कोरडं असं होतं. त्यापेक्षा तव्यावर दोन चमचे पाणी शिंपडून, झाकून, मंद आचेवर आठ-दहा मिनिटं ठेवा, आणि आतपर्यंत कडकडीत गरम झाल्याशिवाय वाढू नका. ओटीजीतल्या तंगड्या पुन्हा ओटीजीतच, १६० अंशांवर दहा मिनिटं.

जेवताना ज्वारीची भाकरी, कच्चा कांदा, लिंबाची फोड. कढईला चिकटलेला मसाला धुऊन टाकू नका. गरम भात थेट कढईत घाला, चमचाभर तेल सोडा, उलथण्याने तळ खरवडत कालवा आणि मीठ चाखून मगच वरून घाला.